मनकर्णाबाईंच्या अ‍ॅपात काय काय ठेवावं

चांगल्या कामात चार माणसं घेऊ नयेत, असं गहिनीनाथ कराळे हल्ली येता-जाता सांगतात. चार माणसं तिरडीला लागतात, तेवढी तिथं घ्यावीत. बाकी कुठल्याही कामात माणसं घेतली की ते काम गेलंच म्हणून समजावं. हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नाही. त्यापायी त्यांनी मोबाईलचं एक अ‍ॅप करून घेतलं, ते अख्ख्या आळीला वाटलं, एका मयताच्या आत्म्याला ताटकळत ठेवलं, आणि शेवटी स्वतःच्याच ओसरीत स्वतःचं हसं करून घेतलं.

गहिनीनाथ म्हणजे एसटीतले रिटायर कंट्रोलर. पाथर्डीच्या स्टँडवर जाळीच्या खिडकीमागं बसून त्यांनी जन्मभर गाड्या पुकारल्या. आवाज असा, की झोपलेला पॅसेंजर उठून चुकीच्या गाडीत बसायचा. रिटायर झाल्यावर तिसगावात, रस्त्यापासून जरा आत, स्लॅबचं घर बांधलं आणि म्हणाले, आता मी गप बसणार. घरात बोलायचं काम तसंही मनकर्णाबाईंकडं होतं. त्या भाजीशी बोलत, मांजराशी बोलत, गॅसच्या शेगडीला शिव्या देत, आणि भिंतीपलीकडच्या सुरय्याभाभीशी तर दिवसभर बोलत. गहिनीनाथांच्या चपला दारात वाजल्या की आतून सुरू व्हायचं, "आलात का? पिशवी कुठंय? कोथिंबीर इसरलात ना? मला ठावं हुतं."

गेल्या दिवाळीत चकल्यांचा सोऱ्या हातात धरलेला असताना बाई मटकन खाली बसल्या. लकव्याचा झटका. नगरच्या दवाखान्यात बरेच दिवस गेले, पुण्याची लेक निकिता येऊन राहून गेली, मग पाय आला, हातही थोडाफार आला, शब्द काही आले नाहीत. समजायचं सगळं. डोळे बोलायचे, ओठ हलायचे, आणि मग त्या हात झटकून भिंतीकडं तोंड करायच्या. चपला दारात वाजल्या तरी घरात आवाज नाही. गहिनीनाथ एकदा मुद्दाम कोथिंबीर विसरून आले आणि पिशवी तिच्यासमोर रिकामी केली. बाईंनी पिशवीकडं पाहिलं, त्यांच्याकडं पाहिलं आणि डोळे मिटले. त्या दिवशी मोरीत जाऊन, नळ सोडून ते पोटभर रडले. पाणी मात्र टँकरचं होतं, म्हणून नळ लगेच बंदही केला.

नगरच्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, "पहिलं वर्ष महत्त्वाचं. रोज चित्रं दाखवा, शब्द काढून घ्या. पण काका, चित्र बघून नाव सांगणं वेगळं आणि आपल्या मनातलं बोलणं वेगळं. त्या स्वतःहून काही बोलल्या की समजा, वाट सापडली." म्हणजे वर्षाच्या आत बाईनं आपणहून काहीतरी बोलायला हवं होतं. पावसाळा असाच गेला आणि दिवाळीचे आकाशकंदील पुन्हा दुकानांत दिसायला लागले.

भिंतीपलीकडचे अलीमभाई टेलर, सुरय्याभाभीचे यजमान. त्यांची सून रुमाना पुण्याच्या कंपनीचं कॉम्प्युटरचं काम घरात बसून करायची. तिला काकींचा लळा. ती म्हणाली, "काका, मी एक साधं अ‍ॅप बनवते. चित्र दिसेल, काकी बोलतील, फोन ऐकेल. नाहीच आलं तर थोड्या वेळानं फोनच शब्द सांगेल. बस." एवढंच. देव तिचं भलं करो, तिनं 'बस' म्हटलं होतं.

पहिली चित्रं तिनं तयार संचातली घेतली. मनकर्णाबाईंपुढं पेंग्विन आला. बाई पेंग्विनकडं बघत राहिल्या, पेंग्विन बाईंकडं.

"पेंग्विन! म्हन, पेंग्विन!" गहिनीनाथ ओरडले.

आता तिसगावात पेंग्विन आजवर आलेला नाही. आलाच तर करंजीच्या घाटातच उन्हानं खलास व्हायचा. जी वस्तू धडधाकट असताना बाईच्या तोंडी कधी आली नाही ती झटक्यानंतर कशी यावी? रुमानाला हे पटलं. तिनं पेंग्विन, अननस, बर्फाचं घर असली मंडळी हाकलली आणि कराळ्यांच्याच घरातले फोटो काढले. तवा, शेगडी, मांजर, मोरी, सुरय्याभाभी. आणि एका सकाळी मनकर्णाबाई, भेंडीच्या फोटोकडं पाहून, घसा खरवडल्यासारखं, पण स्वच्छ म्हणाल्या, "भेंडी."

इथं गहिनीनाथांनी दार लावून देवापुढं साखर ठेवायला हवी होती. ते ओट्यावर गेले आणि जन्मभराच्या सवयीनं आळीला पुकारून सांगितलं, "ऐका हो! आमची भेंडी म्हनाली!"

झालं. आळी घरात आली.

पहिले आले राम गुरुजी, रिटायर हेडमास्तर. त्यांनी चष्मा लावून अ‍ॅप तपासलं आणि निकालच दिला. "यात परीक्षा नाही, गुण नाहीत, नंबर नाही. मग माणूस शिकेल कशाला? भीती पाहिजे कराळे, भीती!" गहिनीनाथांना पटलं. त्यांना त्या दिवसांत सगळंच पटत होतं. बुडणाऱ्याला काडी चालते म्हणतात, इथं तर गुरुजी अख्खी छडी घेऊन उभे होते. नंबरांचा फळा टाकला, बरोबर उत्तराला टाळ्यांचा आवाज टाकला. पण वर्गात एकच विद्यार्थी असेल तर नंबर कसा काढायचा? म्हणून अ‍ॅप आळीला खुलं केलं. पोराटोरांनी, सुनांनी, म्हाताऱ्यांनी ते घेतलं आणि संध्याकाळपर्यंत निकाल लागला. चौथीतली पोरगी पहिली, सुरय्याभाभी दुसऱ्या, आणि ज्या बाईसाठी अ‍ॅप काढलं ती सगळ्यांत खाली. गुरुजी म्हणाले, "बघा, आता चुरस लागंल." चुरस लागली ती आळीला. मनकर्णाबाईंनी फळ्यावर शेवटचं आपलं नाव पाहिलं आणि फोन उशीखाली सारला.

मग आला गोरक्ष, ग्रामपंचायतीचा मेंबर, पुढच्या निवडणुकीचा आशावान उमेदवार. "आण्णा, उद्घाटन न्हाई केलं? असं कसं? वहिनीचं काम म्हंजी गावाचं काम." चौरंगावर फोन ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, गोरक्षनं नारळ फोडला तो चौरंगाच्याच कडेवर. पाणी सरळ फोनात. फोन डोळे मिटून गार. त्याला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. डबा वरच्या फळीवर आणि घरात फोनचा विषय निघाला की मनकर्णाबाई डब्याकडं बघायच्या. भात लावायचा म्हटला की सुरय्याभाभीकडून तांदूळ आणावे लागायचे. फोन जिवंत झाला, पण त्या दिवसापासून मधूनच हँग व्हायला लागला. गोरक्षला त्याचं सोयरसुतक नव्हतं. त्यानं अ‍ॅप उघडताना आपला हात जोडलेला फोटो दिसावा, अशी व्यवस्था करून घेतली. रुमाना नको म्हणत होती. गहिनीनाथांना गावात राहायचं होतं.

घोडेगावहून मेहुणी आली, रंगुबाई, मनकर्णाबाईंची धाकटी बहीण. दोघींचे वडील जनावरांचे व्यापारी, घोडेगावच्या बाजारात त्यांच्या शब्दावर बैलाचा सौदा व्हायचा. रंगुबाईनं अ‍ॅप बघून कपाळाला हात लावला. "दाजी, ही काय तवा न् मोरी दाखवताय तिला? जल्मभर तेच केलं तिनं. आक्काला बैल दाखवा, बैल!" बैल टाकले. खिलार टाकला, म्हैस टाकली, शिंगांचे प्रकार टाकले. आणि खरं सांगायचं तर "खिलार" हा शब्द मनकर्णाबाईंच्या तोंडून चटकन निघाला आणि डोळ्यांत पाणीही आलं. बैलांबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

आता गहिनीनाथांचं स्वतःचं काय? माणूस दुसऱ्याला नावं ठेवतो, पण घोळ स्वतःचाही असतोच. रुमानाचा फोन बाईच्या गोड आवाजात शब्द सांगायचा. गहिनीनाथ म्हणाले, माझा आवाज असताना परक्या बाईचा कशाला? त्यांनी खोली बंद करून सगळे शब्द स्वतः भरले. "कृपया इकडे लक्ष द्या. चित्रात दिसत आहे, भेंडी. भेंडी." रुमाना म्हणाली, काका जरा हळू. त्यांना हळू बोलता येत नव्हतं. वर त्यांनी बाईंच्या फोनात आणि आपल्याही फोनात अभ्यासाची घंटा लावून घेतली, तीही स्वतःच्याच आवाजात. बाईंनी फोन उशीखाली घातला तरी उशी बोलायची.

त्या घंटेनं घात केला. गावातल्या एका म्हाताऱ्याचा दहावा होता. नदीकाठी पिंड मांडलेला, चार पावलं मागं गाव उभं, सगळ्यांचे डोळे कावळ्याकडं. दुपार व्हायला आली तरी कावळा शिवेना. पोरांनी हात जोडून म्हाताऱ्याला शब्द दिले, शेत विकणार नाही, भांडणार नाही, धाकट्याचं लग्न करू. शेवटी एक कावळा बाभळीवरून उतरला, टुणटुण करत पिंडाजवळ आला, मान वाकडी केली, आणि गहिनीनाथांच्या खिशातून आवाज आला, "कृपया इकडे लक्ष द्या! मनकर्णाबाई, अभ्यासाची वेळ झाली आहे!"

कावळा जो गेला तो पार करंजीच्या डोंगराकडं. मयताच्या कामात भांडायचं कसं? थोरल्या पोरानं फक्त गहिनीनाथांकडं पाहिलं, आणि त्या नजरेत शेत विकू नये वगैरे सगळी शपथ वितळून गेली होती. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. घरी येताना सगळा रस्ता गहिनीनाथ एकटेच चालले. एरवी गावात माणूस एकटा चालत नाही.

पण हे सगळं परवडलं. खरा काटा रुतला तो नगरच्या एका कचेरीत. मनकर्णाबाईंच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी दोघं गेले होते. खिडकीतला साहेब म्हणाला, "पेशंटनं स्वतः सांगायचं."

"साहेब, तिला बोलता येत न्हाई, त्याचाच तर दाखला पाह्यजे."

"मग बोलता येत नाही, हे कोण सांगणार?"

"मी सांगतोय की!"

"तुम्हाला बोलता येतंय. तुम्हाला दाखला मिळणार नाही." साहेबानं पेन उचललं आणि मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं बाईंना विचारलं, "आजी, नवऱ्याचं नाव काय?"

मनकर्णाबाईंनी साहेबाकडं पाहिलं. मग गहिनीनाथांकडं. मग खाली जमिनीकडं.

"पती ओळखू येत नाही," साहेब लिहिता लिहिता पुटपुटला.

परतीच्या एसटीत गहिनीनाथ खिडकीला डोकं टेकून बसले. बाईला भेंडी येते. खिलार येतो. परवाच अ‍ॅप उघडलं तेव्हा हात जोडलेला फोटो बघून "गोरक्ष" म्हणालेली त्यांनी कानांनी ऐकली होती. गोरक्ष! ज्याला धड ग्रामसभा घेता येत नाही, तो डोक्यात राहिला, आणि ज्याच्याबरोबर सगळा जन्म काढला तो पुसला गेला. माणूस मेल्यावर विसरला जातो हे ठीक, पण समोर बसलेला असताना? शेजारी मनकर्णाबाई झोपल्या होत्या, त्यांचा अशक्त हात गचक्यासरशी गहिनीनाथांच्या मांडीवर पडत होता. त्यांनी तो उचलून बाईंच्याच मांडीवर ठेवला. एवढा राग आला होता.

घरी आल्या आल्या त्यांनी रुमानाला गाठलं. "माझा फोटू टाक."

फोटो टाकला. बाई गप. गणवेशातला टाकला. बाई गप. लग्नातला, मुंडावळ्यांचा टाकला. बाईंचे गाल किंचित लाल झाले, पण शब्द नाही. मग गहिनीनाथांनी ती शेवटची अवदसा आठवली. "सक्ती कर. माझं नाव सांगितल्याबिगर पुढचं चित्र दिसता कामा न्हाई."

"काका, असं नका करू. त्या अडकून पडतील."

"पडू दे. एकदा सांगू दे, मग भेंडी काय न् बैल काय."

पण अ‍ॅप तर आळीचं होतं. सक्ती सगळ्यांनाच लागू झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आळीतलं प्रत्येक पोर फोन तोंडाशी धरून "गहिनीनाथ! गहिनीनाथ!" असं कोकलायला लागलं. राम गुरुजींचे दात बसवलेले, फोनला त्यांचा उच्चार पसंत पडेना, ते ओट्यावर बसून दम लागेपर्यंत "गहिनीनाथ" म्हणत राहिले. रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटलं नामजप सप्ताह आहे. दोघं चप्पल काढून बसलेसुद्धा. आळीतल्या बायांनी अ‍ॅप काढून टाकलं. का काढलं, ते कुणी सांगितलं नाही, आणि गहिनीनाथांनी विचारलं नाही.

एका माणसाला मात्र पुढं जाता आलं नाही. मनकर्णाबाईंच्या फोनवर रोज तोच फोटो यायचा, मागून तोच आवाज, "कृपया इकडे लक्ष द्या." बाई बघायच्या आणि फोन पालथा ठेवायच्या. मग हातातच घेईनात. मग जेवण कमी झालं. सुरय्याभाभी दुपारी येऊन बसायची, तिच्याकडंही पाठ. भेंडी गेली, खिलारही गेला. एक दिवस रुमाना उतरल्या चेहऱ्यानं म्हणाली, "काका, आठवडा झाला, त्या एक शब्द बोलल्या नाहीत. आणि हा फोनही आता मरायला टेकलाय. एवढं ओझं त्याला पेलत नाही. काय ठेवायचं आणि काय काढायचं ते एकदा ठरवा."

ठरवायचं म्हणजे बैठक आली. ओसरीत सतरंजी टाकली, चहा केला. आतल्या खोलीत कॉटवर मनकर्णाबाई भिंतीकडं तोंड करून पडलेल्या. मधलं दार उघडंच होतं.

"नंबर राहिलेच पाहिजेत," राम गुरुजींनी सुरुवात केली. "शिस्त गेली की विद्या गेली."

"फोटू काढायचा न्हाई," गोरक्ष म्हणाला. "माझं काय न्हाई हो, पन लोकांत वेगळा मेसेज जातो."

"बैलाला हात लावाल तर बघा," रंगुबाई म्हणाली. ती मुद्दाम घोडेगावहून आली होती.

"मी म्हनतो, घंटा काढा," अलीमभाई हळूच म्हणाले. "माझी सुई रोज बोटात जाते त्या आवाजानं." त्यावर कुणी लक्ष दिलं नाही; ज्याची मागणी रास्त असते त्याच्याकडं बैठकीत कुणी लक्ष देत नाही.

वाद वाढला. गुरुजी गोरक्षला नापास म्हणाले, तो खरोखरच त्यांच्या हाताखाली नापास झालेला होता, त्यामुळं ते जास्त लागलं. गोरक्ष म्हणाला, गुरुजींचे दात आधी अपडेट करा. रंगुबाई दोघांना बाजाराच्या भाषेत काहीतरी म्हणाली. आणि या सगळ्या कालव्यात गहिनीनाथ एकदम उभे राहिले. त्यांचा आवाज कधी नव्हे तो फाटला.

"सगळं काढा. तुमचं सगळं काढा. फकस्त माझं नाव राहू द्या. तिला भेंडी येती, गोरक्ष येतो. मी येत न्हाई. उद्या ती अशीच... न बोलता गेली, तर मला कुठल्या नावानं शोधंल ती वरती?"

गुरुजींनी चष्मा काढला. आणि मग रंगुबाईनं पदर तोंडाला लावला. ती रडतीय की हसतीय हे आधी कळेना.

"दाजी," ती म्हणाली, "आवं, आक्कानं लगीन झाल्यापासनं कंदी तुमचं नाव घेतलंय का?"

"म्हंजी?"

"म्हंजी काय म्हंजी! नवऱ्याचं नाव घेती का बाईमानूस? लग्नात उखाण्यात घेतलं, तेवढंच. गहिनीनाथगडाला जायचं म्हनलं तरी काय म्हनायची ती? 'त्यांच्या नावाच्या गडावर.' देवाचं नाव न्हाई घेतलं तिनं कंदी तुमच्या पायी! न् तुमी तिला चारचौघांत, फोनम्होरं, म्हन म्हन करताय. तोंडातलं सगळं गेलं तरी लाज कशी जाईल? ती काय शब्दात असती व्हय?"

गहिनीनाथ तसेच उभे. डोळ्यांपुढून सगळा संसार एसटीसारखा मागं मागं गेला, आणि त्यात कुठंही, कुठल्याही थांब्यावर, बायकोच्या तोंडून आपलं नाव ऐकल्याचं त्यांना आठवेना. जन्मभर दुसऱ्यांची गावं पुकारणाऱ्या माणसानं स्वतःच्या घरात आपलं नाव कधी पुकारलं जात नाही, याची नोंदच घेतली नव्हती. साहेबानं कचेरीत लिहिलं, यांनी मान्य केलं आणि पंधरा दिवस त्या बाईला रोज दोन वेळा शिक्षा केली.

"माझीही घेत नाही," राम गुरुजी पुटपुटले. "'ऐकलंत का' म्हणते." अलीमभाईंनी मान हलवली, "आमच्या घरी पण तेच. पोराचे अब्बा." गोरक्ष काही बोलला नाही, कारण त्याची बायको त्याला नावानं हाक मारायची आणि तीही वरच्या पट्टीत.

रुमानानं फोन उचलला. "आपण सगळे ठरवतोय," ती म्हणाली, "काकींना विचारलंच नाही."

ती आत गेली, कॉटवर बसली. बाकीचे दारात गोळा झाले. रुमानानं काकींचा खांदा हलवला, त्यांना उठवून बसवलं आणि एकेक गोष्ट समोर धरली. "काकी, हे ठेवू की काढू?"

नंबरांचा फळा. मनकर्णाबाईंनी डाव्या हातानं हवेत झाडू मारल्यासारखं केलं. काढ. घंटा. काढ. अलीमभाईंनी सुस्कारा सोडला. टाळ्यांचा आवाज, काढ. गोरक्षचा फोटो, काढ. "वहिनी!" गोरक्ष दारातून कळवळला, बाईंनी पुन्हा एकदा झाडू मारला. बैल, तिथं हात थांबला आणि अलगद खाली आला. बैल राहिले. रंगुबाईनं सगळ्यांकडं बघून घेतलं.

"थोड्या वेळानं फोनच उत्तर सांगतो, ते?" रुमानानं विचारलं.

बाईंनी फोनवर फट्कन हात मारला.

"आणि काकांचा आवाज?"

त्यावर थोडं थांबल्या. दाराकडं पाहिलं नाही. मग हात फिरला. काढ.

गहिनीनाथांनी मनाची समजूत घातली. ठीक आहे. आवाज मोठाच आहे आपला, गाड्यांचा आवाज आहे, आजारी माणसाला सोसायचा नाही. मग रुमानानं शेवटचं समोर धरलं. गहिनीनाथांचा फोटो, मुंडावळ्यांचा. त्याखालची सक्ती रुमानानं आत येतानाच काढून टाकली होती. नुसता फोटो होता, नाव सांगायची गरज नव्हती.

मनकर्णाबाई त्या फोटोकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग हात उचलला. काढ.

आता हे जरा जास्तच झालं. नाव नको घेऊ, लाज वाटते, समजलं. पण फोटोही नको? बैल चालतात आणि नवरा नाही? दारात गाव उभं. गहिनीनाथांनी खांद्यावरचा टॉवेल झटकला. "बरं," ते म्हणाले, "येतो मी जरा फाट्यावरून." आणि वळले.

मागं बाईंच्या गळ्यातून आवाज आला. शब्द नव्हे, घरघर. सगळे वळले. त्यांचा तो अशक्त उजवा हात हवेत अर्धवट उचललेला होता, ओठ हलत होते.

"पानी? आक्का, पानी देऊ?" रंगुबाई धावली.

"गोळी राहिली असंल," गुरुजी म्हणाले.

"वहिनी, फोटू ठिवायचाय का? माझा?"

"चहा! चहा म्हणत्यात!"

"गप्प बसा!" रुमाना ओरडली. ती पोरगी कधी ओरडत नाही, त्यामुळं सगळे खरोखर गप्प झाले. "कुणी काही सांगू नका त्यांना. थांबा."

थांबले. थांबणं म्हणजे काय असतं ते त्या दारातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मनकर्णाबाईंच्या कपाळावर घाम आला. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. गहिनीनाथांच्या घशाशी दहा शब्द आले होते, पाणी, गोळी, उशी, निकिता, पुण्याला फोन लावू का; लेकीचं नाव तर ओठांपर्यंत आलं. त्यांनी टॉवेलाचं टोक दातांत धरलं.

"हि..." मनकर्णाबाई म्हणाल्या. डोळे मिटले. उघडले. "हितं."

त्यांनी फोन बाजूला सारला, डाव्या हातानं कॉटवर, आपल्या शेजारी, दोनदा थापटलं.

"बसा."

गहिनीनाथ आले आणि बसले. तिन्हीसांजेपर्यंत मनकर्णाबाई पुढं काही बोलल्या नाहीत, आणि तेही बोलले नाहीत.